ओळखू येऊ नये म्हणून

पेपरात त्याला सगळे कात्री म्हणायचे. तोंडावर काका, पाठीमागे कात्री. सत्तावीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेला उपसंपादक. बातमीदारांनी आणलेलं वाचायचं, कापायचं, मथळा द्यायचा आणि पान छपाईला सोडायचं, एवढंच त्याचं काम. एवढ्या वर्षांत त्याचं नाव एकदाही छापून आलं नव्हतं आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. बातमीदार मात्र करवादायचे. "काका, तुमच्यापुढे लग्नाची पत्रिका ठेवली तर नवरदेव कापाल तुम्ही," असं एकदा एक जण म्हणाला होता. कात्री म्हणाला, "जागा कमी असेल तर कापीनच. नवरी ठेवीन."

पण त्याच्या कापण्यात एक जात अशी होती की तिथं कुणी थट्टा करत नसे. 'माझं नाव येऊ देऊ नका' असं सांगून बोलणाऱ्या माणसांच्या बातम्या. कुणी कारखान्यातला फिटर, कुणी कचेरीतला कारकून, कुणी तुरुंगावरचा शिपाई. बातमीदार नाव गाळायचे आणि मोकळे व्हायचे. कात्री म्हणायचा, नाव गाळून काय होतंय? नाव सगळ्यात शेवटी कळतं. माणूस ओळखू येतो तो पाळीवरून, खोकल्यावरून, कुठल्या दाराने जातो-येतो त्यावरून. मग तो बसून एकेक खूण पुसायचा. आणि पुसून झालं की घरी बायकोला फोन लावायचा.

बायको तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून निवृत्त झालेली. निम्मं शहर तिच्या ओळखीचं, उरलेलं अर्धं ओळखीच्यांच्या ओळखीचं. तो फोनवर बातमी वाचून दाखवायचा आणि विचारायचा, "सांग बघू कोण?"

एकदा बातमीत 'बोलताना ते सारखे खिडकीबाहेर बघत होते' एवढंच एक वाक्य राहिलं होतं. बायको म्हणाली, "अहो, नोंदणी कचेरीतला तो कोपऱ्यातला ना? गेल्या वर्षी बायको वारली त्याची." वाक्य उडालं. ती जेव्हा म्हणायची, "नाही हो, काही पत्ता लागत नाही," तेव्हाच बातमी पानात जायची. त्याच्या टेबलावरून गेलेल्या बातमीने आजवर एकही माणूस सापडला नव्हता. बाकी कशाचा नाही, पण याचा त्याला गर्व होता.

अलीकडे कात्रीला दुसरंच काम लागलं होतं. त्याच्या ड्रॉवरमध्ये एक कागद होता. वरून आलेला, सहीशिक्का नसलेला. त्यावर कुणाकुणाबद्दल काही छापायचं नाही त्यांची यादी. सुरुवातीला कागद अर्धा होता. मग तो पाठपोट भरला, मग त्याला दुसरा कागद टाचला गेला. रोज दुपारी कात्री ती यादी बघायचा आणि बातम्यांमधून माणसं वाचवण्याऐवजी माणसांपासून बातम्या लपवत कापत बसायचा. घरी गेल्यावर बायको विचारायची, "आज काय विशेष?" तो म्हणायचा, "जे विशेष होतं ते टोपलीत आहे."

त्या आठवड्यात संपादक साहेब भाच्याच्या लग्नाला गेले. दोन दिवस पान कात्रीच्या हातात. आणि नेमकं पहिल्याच दिवशी दुपारी आरोग्याचं बघणारी बातमीदार बाई त्याच्यासमोर येऊन बसली. दोन लेकरांची आई, डब्यातलं उभ्याउभ्या खाणारी, पण हातात घेतलेलं सोडणार नाही अशी.

"काका, हे वाचा. आणि यादी नका काढू."

शहरातल्या मोठ्या रुग्णालयाची बातमी होती. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत त्यांचं रक्त यंत्रातून शुद्ध करतात, त्या डायलिसिस विभागाची. तिथले फिल्टर एकदा वापरून टाकायचे म्हणून रुग्णाकडून दर वेळी नव्याचे पैसे घेतात आणि आतल्या आत धुऊन पुन्हा लावतात. घाईत एकाचा दुसऱ्यालाही लागतो. हे सांगणारी तिथलीच एक नर्स. विधवा, घरात सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. तिची अट एकच, 'मी कळता कामा नये. ही नोकरी गेली की आम्ही तिघी उघड्यावर.'

कात्रीने ड्रॉवर उघडला नाही. पेन्सिल घेतली. मजला काढला, पाळी काढली, किती वर्षं नोकरी ते काढलं, 'विधवा' काढलं, शेवटी 'नर्स' काढून 'कर्मचारी' केलं. आणि मग एका वाक्यावर येऊन थांबला.

ती नर्स फिल्टरला रंगीत दोरे बांधायची. प्रत्येक रुग्णाचा रंग वेगळा. शिवणाच्या डब्यातली रिळं घरून न्यायची आणि धुतलेल्या फिल्टरला गाठ मारून ठेवायची. म्हणजे पुन्हा लावायचाच आहे, तर निदान ज्याचा त्याला तरी लागावा.

कात्रीने ते वाक्य तीनदा वाचलं. अनेक वर्षांत त्याच्या टेबलावर असं काही आलं नव्हतं. भाषणं आली होती, उद्घाटनं आली होती, आरोप आणि त्यांचे इन्कार आले होते. पण असं माणूस दिसणारं नव्हतं आलं.

बातमीदार बाई म्हणाली, "काका, हा दोरा काढायचा ना?"

"राहू दे."

"बघा हं. तुम्हीच म्हणता..."

"अगं, दोरा काढला तर उरलं काय? चार आरोप आणि एक कर्मचारी. लोक चहा पितील आणि पान उलटतील. जीव आहे त्यात."

"काकूंना वाचून दाखवता का एकदा?"

"वेळ नाही," कात्री म्हणाला. घड्याळात साडेपाच वाजले होते, पान सुटायला तीन तास होते. वेळ भरपूर होता. फोन केला तर बायको काय म्हणेल ते त्याला माहीत होतं, म्हणून त्याने केला नाही.

सकाळी बायकोने पेपर उघडला. ती पहिल्या पानापासून वाचते, सावकाश, चष्मा नाकावर घसरू देत. त्या दिवशी तिने चष्मा काढला.

"अहो, ही दोरा बांधणारी कोण?"

"का? ओळखलीस?"

"मी कशाला ओळखू? मी तिथं काम करते का? जे करतात ते ओळखतील ना. दोरा काय पन्नास जणी बांधत असतील होय? हे मला का नाही वाचून दाखवलंत?"

तो दाढी करत होता. करतच राहिला.

अकराला बातमीदार बाईचा फोन आला. ती रडत नव्हती, धापा टाकत होती. सकाळच्या पाळीला मेट्रन सरळ त्या विभागात गेली. कुणाला काही विचारलं नाही. फिल्टर बघितले आणि मग सगळ्या जणींच्या पिशव्या टेबलावर पालथ्या करायला लावल्या. एकीच्या पिशवीतून सतरा रिळं निघाली. ती तिथल्या तिथे निलंबित. आता चौकशी.

संपादक साहेब लग्न अर्धवट टाकून आले. त्यांच्याही आधी रुग्णालयाचं पत्र आलं होतं. बातमी निराधार असल्याचा खुलासा छापा, माफी मागा, नाहीतर कोर्टात भेटू. शिवाय रुग्णालयाच्या पानभर जाहिराती बंद झाल्याचा निरोप वरून मालकांकडून आलाच होता.

"बस," साहेब म्हणाले. "तुला मी काही बोलत नाही. माझ्या आधीपासून तू इथं आहेस. खुलासा तू लिही."

"बातमी खरी आहे साहेब."

"मला शिकवतोस? माहीत आहे मला खरी आहे. खोट्या बातमीला कोण एवढं चिडतं? तू नाही लिहिलास तर रुग्णालयाच्या वकिलाने मसुदा पाठवलाय, तो जसाच्या तसा जाईल. त्यात 'खोडसाळ' आहे, 'खोटारडी' आहे आणि आपल्या बातमीदाराचं नावसुद्धा आहे. ती पोरगी उद्या घरी बसेल. तुझ्या हातचा गेला तर निदान शब्द आपले राहतील. बघ बाबा."

कात्रीने दुपारभर खुलासा लिहिला. सत्तावीस वर्षांची सगळी कारागिरी त्याने त्या पाच ओळींत ओतली. बातमी खोटी होती असं कुठंही म्हटलं नाही. 'बातमीतील तपशिलांची स्वतंत्रपणे खातरजमा होऊ शकलेली नाही. त्यामुळे कुणाच्या प्रतिष्ठेला बाधा आली असल्यास आम्ही दिलगीर आहोत.' वकिलांनी दोनदा परत पाठवला, त्याने दोनदा एकेक शब्द सोडला आणि गाभा धरून ठेवला. या वेळी त्याने घरी फोन लावला आणि वाचून दाखवला.

"बघ, 'खोटी' हा शब्द कुठं आलाय का?"

बायकोने पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"नाही आला," ती म्हणाली. "पण वाचणारा शब्द मोजत बसतो होय?"

चौकशी तीन दिवस चालली. तिथं नर्सने सगळं सांगितलं. काय धुतात, कुठं धुतात, कोण सांगतं. समितीच्या अध्यक्षाने शांतपणे ऐकून घेतलं आणि पेपरचं कात्रण तिच्यासमोर सरकवलं. "तुम्ही ज्यांना सांगितलंत, तेच म्हणतायत खातरजमा होत नाही. मग आम्ही कशी करायची?" रुग्णालयाच्या साहित्यात दोरे बांधून ढवळाढवळ केली, असा ठपका ठेवून तिला काढून टाकलं. सरकारी तपासणी पथक येणार होतं, त्यांनाही त्याच कात्रणाची प्रत गेली. पथक आलं नाही.

बातमीदार बाईने त्याच महिन्यात राजीनामा दिला. कुणी मागितला नव्हता. जाताना कात्रीच्या टेबलापाशी आली, थांबली, आणि फक्त म्हणाली, "येते काका."

पुढच्या रविवारी कात्री नर्सच्या घरी गेला. पत्ता शोधत दोन जिने चढून वर. दार सासूने उघडलं. एकच खोली, मधे पडदा, पडद्यामागे मुलगी मोठ्याने पाढे म्हणत होती. नर्स कपड्यांना इस्त्री करत होती. लोकांचे कपडे, ढीग पडला होता. त्याने आपण कोण ते सांगितलं. तिने इस्त्री उभी केली.

"म्हणजे दोरा तुम्ही ठेवलात तर. बातमीदार ताई म्हणाली होती, काका सगळं पुसतात, घाबरू नका."

"हो. मी ठेवला."

"का ठेवलात?"

वाटेत त्याने पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. लोकहित, बातमीचा परिणाम, वाचकांचा विश्वास. 

"चांगलं वाटलं वाचायला," तो म्हणाला.

सासू मधेच म्हणाली, "अगं, पाणी तरी दे त्यांना."

"नको, मी निघतो. वकील बघतो एखादा. मी साक्ष द्यायला..."

"काय साक्ष देणार? साक्षीखाली तुमच्याच पेपरचं कात्रण लावतील," नर्स म्हणाली. आवाज चढला नव्हता. "नोकरीचं सोडा हो. इस्त्रीवर भागेल कसंतरी. तुम्ही बातमीत एक लिहिलं नाहीत. माझे सतरा पेशंट होते. पिवळा दोरा होता ते मास्तर, निळा होता ती कॉलेजातली पोर, तिला रक्तातून लागणारी कावीळ आहे. आता तिथं कुणी दोरा बांधत नाही. कुणाची छाती होणार? कुणाचं कुणाला लागतंय, देव जाणे."

पडद्यामागे पाढा चुकला. नर्सने इथूनच दुरुस्त केला आणि इस्त्री परत हातात घेतली.

कात्री कामावर जात राहिला. न जाऊन काय करणार होता? यादीला तिसरा कागद टाचला गेला.

पावसाळा संपता संपता एका दुपारी टेबलावरचा फोन वाजला. बातमीदार कुणी जागेवर नव्हतं, त्याने उचलला. पलीकडचा माणूस हळू बोलत होता.

"पेपर ना? मी पाणीपुरवठ्यात आहे. टाकीवर. नाव नाही सांगत. आमच्याकडे पाण्यात टाकायचं जंतुनाशक औषध दीड महिना झाला आलेलंच नाही. वहीत रोज टाकलं म्हणून लिहायला लावतात. वहीचे फोटो आहेत माझ्याकडे."

कात्रीने सवयीने पेन्सिल उचलली. मग ठेवून दिली.

"हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"नाही. तुम्हालाच पहिल्यांदा."

"मग सांगू नका. फोटो पुसून टाका. हा फोन कुठून करताय?"

"दुकानातून. पण साहेब, लोक पितायत ते पाणी. पोरंबाळं..."

"तुम्हाला पोरंबाळं आहेत?"

"आहेत की."

"मग ठेवा फोन."

त्याने ठेवला नाही. मग तो माणूस म्हणाला, "मी पेपरलाच लावलाय ना?"

"हो," कात्री म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्याने मोठं पातेलं काढलं, माठातलं पाणी त्यात ओतलं आणि गॅसवर चढवलं. बायको दाराशी येऊन उभी राहिली.

"हे काय नवीन?"

"आजपासून उकळून पिऊ."

"का? काय झालं? काही आलंय का तुमच्याकडे?"

त्याने झाकण ठेवलं.

"कुठं काय," तो म्हणाला. "उगीच."