शेपटीवरचा नंबर

आज दुपारी प्रज्ञानं जुन्या फोटोवर भिंग धरलं आणि त्याच क्षणी माझं सगळं संपलं, दोस्तांनो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमच्या भूमच्या माळावर पडलेलं बॉम्बर विमान कोणतं, हे तिला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी फोटोंवरून ओळखायचं होतं. शेपटीवरचा नंबर कुणालाच वाचता येईना. मी कॉलेज सोडलेला, तरी म्हटलं, मीच शोधणार. मोबाईलच्या ॲपनं फोटो साफ केला आणि नंबर लख्ख दिसला. पेढे घेऊनच तिच्या घरी गेलो.

"मूळ फोटोत नुसता डाग हाय," ती म्हणाली. "आकडे ॲपनं मनानं काढलेत."

मी भडकलो. "तुझ्यासाठी लई डोळे फोडलेत मी!"

"नसलेलं दिसतं तुला. माझ्या मनातबी तसंच बघितलंस. तिथं काय न्हाय रे."

एवढं लख्ख दिसलेलं खोटं कसं असतं, तुम्हीच सांगा. मी पेढे तिथंच ठेवले, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.