चावलेला घोडा कोणता?

“माजा घोडा चावलेला न्हाय, सायेब! शपथंवर सांगतो, चावलेला न्हाय!”

साक्षीच्या पिंजऱ्यातून इराप्पा टांगेवाला ओरडला आणि साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, “काल हा मनुष्य सांगत होता की याच्या घोड्याला चावा बसला. आज सांगतो बसला नाही. मानेवरची जखम मी स्वतः पाहिली आहे. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल याच्यावर वेगळा खटला भरायला सांगा.”

इंग्रजी अमदानीतली ही गोष्ट. मी सोलापूरच्या कचेरीत ट्रान्सलेटर होतो. ट्रान्सलेटर म्हणजे दुभाष्या. साक्षीदार मराठीत बोलला की मी ते इंग्रजीत साहेबांना सांगायचं, आणि साहेब इंग्रजीत बोलले की साक्षीदाराला मराठीत. काम सोपं वाटतं. पण दोन्ही बाजूंच्या शिव्या मात्र एकट्या दुभाष्याला खाव्या लागतात.

हे मॅजिस्ट्रेट साहेब नवे होते. विलायतेहून आलेल्या अधिकाऱ्याला मराठीची परीक्षा द्यावी लागे, त्याशिवाय बढती नाही. परीक्षा तोंडावर आली होती. म्हणून साहेबांनी सराव सुरू केला होता आणि मला ताकीद दिली होती, “मी मराठी बोलत असताना तुम्ही मध्ये पडायचं नाही.” मी पडत नव्हतो. त्यांचं मराठी ऐकून पोटात हसू दाटायचं, ते मी खोकल्यावर निभावून न्यायचो.

खटला अगदी साधा होता. स्टेशनबाहेरच्या टांगा-स्टँडवर दोन घोडे शेजारी उभे होते. इराप्पाचा तांबडा आणि बाबूभाईचा पांढरा. पांढऱ्याने तांबड्याच्या मानेचा कडकडून चावा घेतला. टांग्यातल्या बाई घाबरून खाली पडल्या, म्हणून पोलिसांनी केस केली. बाबूभाईने काही लपवलंही नाही. “इसकू आदत हय साब,” तो म्हणाला होता. “गर्दी देखा की इसका माथा फिरता.” पांढऱ्याला ढोरांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, तोवर त्याला कोंडवाड्यात ठेवायचं, आणि तांबड्याला औषधपाण्यासाठी घरी पाठवायचं, असं साहेबांनी ठरवलं. इथवर सगळं ठीक होतं. तेवढ्यात मला दुसऱ्या एका कामासाठी ट्रेझरीत बोलावणं आलं. मी नाही हे पाहून साहेबांनी हुकूम स्वतःच मराठीत सुनावला:

“चावलेला घोडा घरी सोडा. दुसरा घोडा कोंडवाड्यात ठेवा.”

हवालदाराने तसंच केलं. पांढऱ्याला घरी सोडलं आणि मानेला हळदीचा फडका बांधलेल्या तांबड्याला कोंडवाड्यात नेऊन बांधलं. बाबूभाई चकित झाला, पण घोडा घेऊन मुकाट्याने निघून गेला. इराप्पाने कोंडवाड्याच्या कुंपणाला धरून बसकण मारली. जनावर जखमी, आत धड चारा नाही, आणि टांगा बंद म्हणजे घरची चूल बंद. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडल्या उघडल्या तो दाद मागायला पिंजऱ्यात उभा राहिला होता.

आणि आता त्याच्यावरच खटला भरायची भाषा चालली होती.

मी हवालदाराकडे सरकून हळूच विचारलं, “अहो, तुम्हाला कळलं नाही का कोणाला कोंडायचं ते?”

“कळलं की,” तो म्हणाला. “पन सायबानं सोताच्या तोंडानं सांगितलं, चावलेला घोडा सोडा. मी कोन इचारनार?”

शिरस्तेदार, म्हणजे कचेरीचे हेडक्लार्क, माझ्या मागेच बसले होते. ते कुजबुजले, “ट्रान्सलेटरसाहेब, गप्प बसा. भर कोर्टात साहेबाचं मराठी दुरुस्त करायला निघालात तर उद्या बदलीचा कागद हातात पडेल.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. समोर चार वकील बसलेले. त्यांच्यासमोर साहेबांना चुकीचं ठरवणं म्हणजे विस्तवाशी खेळ. पण गप्प बसलो असतो तर इराप्पा तुरुंगात गेला असता, तेही शंभर टक्के खरं बोलून. ते मला बघवलं नसतं.

मी उठून इंग्रजीत म्हणालो, “सर, आपली चहाची वेळ झाली आहे.”

साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. चहाला अजून अवकाश होता. पण ते उठले आणि मला घेऊन आतल्या खोलीत आले.

“बोला. काय आहे?”

“सर, आपल्या बंगल्यावरचा कुत्रा मागे पोस्टमनला चावला होता ना?”

“त्याचा इथे काय संबंध?” साहेब वैतागले.

“बंगल्यावरून जाताना लोक ‘तो बघ चावलेला कुत्रा’ म्हणून कोणाकडे बोट दाखवतात?”

“माझ्या कुत्र्याकडे. रोज ऐकतो मी ते.”

“मग आपल्या कुत्र्याला कोणी चावलं होतं का?”

“नाही. तोच चावला होता,” साहेब म्हणाले. आणि उचललेला चहाचा कप त्यांनी परत बशीत ठेवला.

आता इंग्रजीतली खोच सांगतो. ती कळली की इराप्पाचा घोडा कोंडवाड्यात का गेला ते कळेल. इंग्रजीत चावणाऱ्या घोड्याला म्हणतात, ‘द हॉर्स व्हिच हॅड बिटन’. चावा सोसणाऱ्याला म्हणतात, ‘द हॉर्स व्हिच वॉज बिटन’. ‘व्हिच’ म्हणजे ‘जो’. हा शब्द मागच्या घोड्याला पुढच्या वाक्याशी बांधतो. पण करणारा कोण आणि सोसणारा कोण, हे सांगायचं काम त्याचं नाही. ते काम पुढच्या ‘हॅड’ आणि ‘वॉज’चं. ‘वॉज बिटन’ दिसलं की समजायचं, या घोड्याने काही केलं नाही, त्याला केलं गेलं. व्याकरणात याला पॅसिव्ह म्हणतात. गंमत पुढेच आहे. इंग्रज माणूस घाईत ‘व्हिच वॉज’ हे दोन्ही शब्द गिळून टाकतो आणि नुसतं ‘द हॉर्स बिटन बाय अनदर’ म्हणतो. शब्द गिळले तरी सोसणारा सोसणाराच राहतो.

साहेबांनी तेच केलं होतं. डोक्यात ‘बिटन’ आणि तोंडात ‘चावलेला’. पण आपण मराठीत ‘घोडा चावला’ म्हणतो, म्हणून चावलेला घोडा म्हणजे ज्याने दात मारले तो. साहेबांनी शिक्षा बरोबर माणसाला दिली होती, इंग्रजीत. मराठीत पोचेपर्यंत ती शेजाऱ्याच्या दारात गेली.

साहेब मात्र सहजासहजी हार मानणारे नव्हते.

“मग भाजलेला पाव? पाव कोणाला भाजत नाही. त्याला भाजतात. तिथे तुमचं ‘लेला’ माझ्या बाजूचं आहे.”

मला मनापासून आनंद झाला. विद्यार्थी असा भांडला की शिकवणाऱ्याला बरं वाटतं.

“खरं आहे, सर. पण आपण ‘पाव भाजला’ म्हणतो ते पावाबद्दल, आणि ‘घोडा चावला’ म्हणतो ते चावणाऱ्याबद्दल. ‘लेला’ एकच, पण तो क्रियापदाच्या मागे मागे जातो. शिवाय पाव कोणाला भाजणार नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. घोडा चावतोही आणि त्याला चावलंही जातं. तिथे ‘घोडा चावलेला घोडा’ म्हणायचं.”

“घोडा चावलेला घोडा?”

“हो. ज्याला घोडा चावला तो. आणि ‘घोड्याला चावलेला घोडा’ म्हणजे गुन्हेगार.”

“म्हणजे एका ‘ला’वर तुमच्याकडे घोडा कैदेत जातो!”

“आपल्या इंग्रजीत एका ‘वॉज’वर जातो, सर.”

साहेब खोखो हसले. माझा जीव भांड्यात पडला. मग ते एकदम गंभीर झाले आणि विचारलं, “तो मनुष्य बाहेर काय म्हणत होता?”

“आपला घोडा कोणाला चावला नाही, एवढंच.”

चहा तसाच टाकून ते बाहेर आले. मला वाटलं होतं, आता मला इंग्रजीत नवा हुकूम सांगतील आणि कालचं प्रकरण हळूच गुंडाळतील. तसं झालं असतं तरी माझी तक्रार नव्हती. पण साहेब खुर्चीत बसले, इराप्पाकडे पाहिलं आणि मराठीत, एकेक शब्द मोजून बोलले:

“जो घोडा चावला, तो कोंडवाड्यात. ज्या घोड्याला चावला, तो घरी. हा माणूस खरं बोलला. काल... काल माझी मराठी चावली. ह्या माणसाला चावली.”

मग पहिल्या रांगेतले वकील हसले, शिरस्तेदार हसले, आणि साहेबही हसले. बाबूभाई मागून ओरडला, “मेरेकू कलच लगा साब, कुछ तो गडबड हय!” काल का नाही बोललास, हे त्याला कोणी विचारलं नाही.

इराप्पाला मात्र हसू फुटलं नाही. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “अय्यो शिवा! आता सोडत्यात की न्हाय माज्या तांबड्याला?”

“सोडतात की. जा, घेऊन जा.”

तो धावतच सुटला. त्याला तसं धावताना पाहून मला काय वाटलं ते आजही आठवतं. नोकरीत इतकं समाधान फार वेळा मिळत नाही.

तांबड्याची जखम भरली. पांढऱ्याला डॉक्टरांनी तोंडाला जाळी बांधायला लावून परत स्टँडवर पाठवलं. साहेब मराठीची परीक्षा पास झाले. तोंडी परीक्षेत त्यांना सर्पदंश झालेल्या माणसाबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी ‘साप चावलेला माणूस’ असं ठणकावून सांगितलं म्हणे. परीक्षकांना त्यात काय विशेष ते कळलं नसेल. मला कळलं.

पुढे मी मॅट्रिकच्या पोरांना इंग्रजी शिकवायचो, तेव्हा ‘हू’ आणि ‘व्हिच’ लिहिण्याआधी त्यांना एकच प्रश्न विचारायला लावायचो: केलं कोणी, आणि सोसलं कोणी? उत्तर मिळालं की ‘वॉज’ हवा की नको ते आपोआप कळतं. नाही मिळालं तर एखादा निरपराध घोडा कोंडवाड्यात जातो.

इराप्पा पुढे बरीच वर्षं मला हाक मारून टांग्यात बसवायचा. त्या साहेबांची बदली झाली, तरी तो प्रत्येक वेळी न चुकता चौकशी करायचा, “आमचं ते चावलेलं सायेब कुटं असत्यात हो आता?”

यात चावलं कोण आणि सोसलं कोणी, हे मात्र मी त्याला कधीच विचारलं नाही.