वनमालाताई आणि पुढची मोकळी जागा

मुलुंडच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. वेग, वेळ, अंतर यांची गणितं फळ्यावर इतकी सोडवली, की आपल्याला गाडी येतेच असा माझा समज झाला होता. निवृत्तीनंतर गाडी घेतली आणि पहिल्याच रविवारी सोसायटीच्या फाटकावर घातली. बायको, पद्मजा, म्हणाली, "फाटकाचा वेग शून्य होता. एवढं तरी गणित जमायला हवं होतं."

म्हणून वनमाला परबांकडे शिकायला गेलो. वनमालाताई बावन्न वर्षांच्या, मालवणकडच्या. वडील गिरणीत होते. नवरा गुणाजी शाळेची व्हॅन चालवायचा. त्याची नजर अधू झाली आणि व्हॅन दारात उभी राहिली. ताईंनी तोवर सायकलसुद्धा चालवली नव्हती. वर्षभर बदली ड्रायव्हर ठेवला, तेवढ्या काळात स्वतः शिकल्या, परवाना काढला आणि पुढे बारा वर्षं मुलांची ने-आण केली. आता त्या माझ्यासारख्यांना शिकवतात. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाखालीही एक ब्रेक आहे.

पहिल्या दिवशी मी स्टिअरिंग असं आवळलं, जणू कोणी ते पळवून नेणार होतं.

"सर, सैल धरा. पावणेतीन वाजल्यासारखे हात ठेवा. आणि नजर लांब."

मी नजर लांब टाकली ती थेट पेरूवाल्याच्या गाडीवर. आमची गाडीही तिकडेच निघाली.

"खंय बघतास तुमी?" ताई ओरडल्या. रागावल्या की त्या मालवणीवर यायच्या. "बघाल तिथंच गाडी जाणार!"

मग अंतराचा धडा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की तीन सेकंद मोजायचे, त्याआधी आपण तिथं पोचता कामा नये. मी मोठ्याने मोजायचो. दोन म्हणेपर्यंत मधे रिक्षा घुसायची.

"ताई, जागा सोडली की कोणीतरी घुसतोच ना!"

"घुसू दे. परत सोडा."

"मग मी घरी कधी पोचणार?"

"पोचाल की. पोचायचंच आहे ना?"

तिसऱ्या आठवड्यात भांडुपजवळ पुढच्या टेम्पोतून पाण्याची रिकामी टाकी सुटली आणि गडगडत आमच्याकडे आली. उजवीकडे स्कूटरवर एक बाई, मागे लहान मुलगी. माझे हात उजवीकडे वळायला निघालेच होते.

"सरळ धरा! सरळ!"

धरलं. गाडी थांबली. टाकी बंपरला हलकेच टेकून विसावली. स्कूटर पुढे निघून गेली, त्या बाईला काही कळलंही नाही. माझी छाती फुगली.

"पाहिलंत ताई? कसा वेळेवर ब्रेक मारला!"

"ब्रेक मी मारला, सर. तुमचा पाय क्लचवर होता."

मी खाली पाहिलं. अजूनही तिथंच होता.

"पण स्टिअरिंग तुम्ही सरळ ठेवलं," त्या म्हणाल्या. "आणि जागा तुम्ही सोडली होती. जागाच नसती तर माझा ब्रेक काय करणार होता?"

त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली. माझे हात थरथरत होते. "माझेपण थरथरायचे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मागे अकरा पोरं होती, गाणी म्हणत. त्यांना वाटलं, बाई गाण्यावर हलतायत." एकतीस वर्षं मीही मुलांपुढे उभा राहिलो, पण माझी चूक डस्टरने पुसता येत होती.

परवाना मला दुसऱ्या खेपेला मिळाला. पद्मजा माझ्यानंतर शिकायला गेली आणि पहिल्याच खेपेला पास झाली. आता रविवारी आम्ही मुलीकडे, निधीकडे, कांदिवलीला जातो. जाताना पद्मजा चालवते, येताना मी. मी पुढे एवढी जागा सोडतो की मागचे हॉर्न वाजवून माझा उद्धार करतात. परवा पवईच्या सिग्नलला शेजारी पाहिलं, तर पद्मजाचे डोळे मिटलेले. झोपली होती की देवाचं नाव घेत होती, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.