आईचा निर्णय

आमच्या घरात मी तिसरी मुलगी. माझ्या वेळी आईला दिवस गेले तेव्हा आजी आणि वडील तिला तपासणीला घेऊन गेले. पुन्हा मुलगीच आहे असं कळलं आणि पाडायचं ठरलं. आई दवाखान्याच्या बाकावरून उठली, एसटीने थेट नामपूरला माहेरी गेली आणि माझ्या जन्मापर्यंत परतली नाही. वडील न्यायला आले तेव्हा मला पुढे धरून म्हणाली, "ही मन्ही पोर शे. हिच्यासकट नेणार असाल तरच येते."

वडिलांनी मला उचलून घेतलं.

नाशिक रोडला आमच्या कॉलनीत ही गोष्ट मी कितीजणांना सांगितली असेल! कॉलेजात त्यावर भाषण करून बक्षीसही मिळवलं. त्यातूनच माझं एक पक्कं मत झालं होतं. गर्भपात म्हणजे पाप, मग कारण काहीही असो.

तीन वर्षांपूर्वी ताई माझ्याकडे आली. माझी सगळ्यात मोठी बहीण. पेठजवळच्या शाळेत शिकवते, रोज एसटीने जाऊन-येऊन करते. दोन मुलं आहेत. तांबी बसवलेली असूनही तिला दिवस गेले होते.

"मला नकोय गं," ती म्हणाली. "तुझ्या दाजींशी बोललेय. ते म्हणाले, तू म्हणशील तसं."

मी म्हणाले, "आईने असा विचार केला असता तर मी असते का?"

ताईने पर्स उचलली आणि चहा न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी आईने बोलावलं. ती मेथी निवडत होती. मला समोर बसवून अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.

"ताईला काय बोललीस?"

"तू केलंस तेच बोलले."

"मी काय केलं ते तुला अर्धंच माहितीये," आई म्हणाली. "त्या दवाखान्यात डॉक्टर तुझ्या वडिलांशी बोलले, आजीशी बोलले. मला कुणी विचारलंच नाही. पोट माझं आणि मला कुणी विचारत नाही, या रागाने मी उठले. तू हवी होतीसच. पण आधी राग आला होता."

ती निवडत राहिली.

"आणि तू सव्वा वर्षाची असताना मला परत दिवस गेले. अंगात ताकद नव्हती, तू अंगावर पीत होतीस. या वेळी तुझ्या मामीला घेऊन मीच गेले आणि पाडून मोकळी होऊन आले. मुलगा की मुलगी, विचारलं नाही. घरात कुणाला सांगितलं नाही. आज तुला सांगतेय."

"वाईट वाटलं होतं?"

"आठवडाभर रडले. पण चुकले असं एकदाही वाटलं नाही."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. जिच्या जोरावर मी इतकी वर्षं इतरांना पापी ठरवत होते, तिनेच हे केलं होतं. राग यायला हवा होता, पण आला नाही. दोन्ही वेळा तिने स्वतःचं स्वतः ठरवलं होतं आणि मी मात्र तिचा एकच निर्णय मिरवत आले होते.

तिथूनच ताईला फोन लावला. "मी चुकीचं बोलले. तुझ्याबरोबर येऊ?"

"भाषण नाही ना देणार?"

"नाही."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी दाजींना बाहेर बसवलं आणि ताईशी एकटीशी बोलल्या. सही तिची एकटीची लागली. ती आत गेली. दाजी, आमच्याबरोबर आलेली आई आणि मी बाहेर बाकावर बसलो. शेजारच्या एका बाईंनी चौकशी केली, "काय झालंय मुलीला?"

मी म्हणणार होते, गाठ आहे म्हणून.

"तिला दोन आहेत, तिसरं नकोय," आई नेहमीच्या आवाजात म्हणाली. "म्हणून आलोय."

त्या बाईंनी मान हलवली आणि थोडं सरकून आईला ऐसपैस बसायला जागा करून दिली. हा प्रश्न मला आजही सोपा वाटत नाही. एखादी पाडायला निघाल्याचं कळलं की जुनं मत क्षणभर डोकं वर काढतं, पण आता मी आधी तिचं म्हणणं ऐकते. त्या बाकावर आईला खेटून बसले होते तेव्हा मात्र माझी मान ताठ होती. इतका अभिमान मला भाषणाचं बक्षीस घेतानाही वाटला नव्हता.