बुखारीजवळ निवडलेला रेझिस्टर

मी लिहिणारा माणूस नाही. तलवाड्यातल्या आमच्या ऊसतोड्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेही इलेक्ट्रॉनिक्स शिकायला. काही चुकलं तर माफ करावं. पण लान्स नायक सलीमबद्दल लिहायला दुसरं कोणी नाही.

आम्ही दोघं बर्फातल्या एका पोस्टवर सिग्नलला होतो. वरच्या पोस्टवरून फोनवर आवाज बारीक यायचा, म्हणून एका ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर बनवला. सलीम परळीच्या रेडिओ मेकॅनिकचा मुलगा. बंकरमध्ये बुखारीच्या, म्हणजे रॉकेलच्या शेगडीच्या, उबेला बसून तो ट्रान्झिस्टरच्या बेसला एकेक रेझिस्टर लावून बघत होता. ज्याने आवाज खुलला, तोच त्याने ठेवला.

"गारठ्यात करंट बदलतो. एका रेझिस्टरने भागणार नाही, चार लावू," मी म्हणालो.

"कावून बे? आवाज येतोय न्हवं? परळीत आमचे किती रेडिओ असेच चालू हायेत, कालेजवाल्या."

"परळीत बर्फ पडतो का?"

तो हसला. दुसऱ्या दिवशी चौघांबरोबर वरच्या पोस्टवर गेला.

मग वादळ आलं. ते ओसरलं त्या सकाळी रसद घेऊन पार्टी वर निघत होती. फोन वाजला. अॅम्प्लिफायर बंकरबाहेर, फोनच्या लाइनच्या थंड खोपटात होता. सलीमचा आवाज तुटत होता, शब्द कळेना. वायरलेसची बॅटरी गारठून बसलेली.

हवालदार म्हणाले, "अॅम्प्लिफायरचा डबा खोलू नकोस. ऑर्डर नाही."

"खोलणार, हवालदारसाहेब. माझ्यावर शिस्तभंगाचा चार्ज नंतर लावा. तोवर पार्टी थांबवा."

खोपटात जाऊन डबा खोलला. बारा व्होल्टची बॅटरी. बेसला वरून छप्पन के ओहमचा रेझिस्टर, खालून दहा के, म्हणजे बेसचं व्होल्टेज पक्कं. एमिटरला एक के; करंट हलायला लागला की तो आवरतो. त्याच्या जोडीला कपॅसिटर, आवाज पडू नये म्हणून. कलेक्टरचा चार पॉइंट सात के तसाच ठेवला; झाले चार. बोटं बधिर होती, पण सोल्डर धरलं.

फोन पुन्हा कानाला लावला, तर सलीमचा आवाज स्वच्छ: "वरचा उतार फाटलाय. पार्टी पाठवू नका. ओव्हर."

"रॉजर. पार्टी थांबवली. ओव्हर."

लाइन मेली. मग दरीतून उतार कोसळल्याचा आवाज आला.

पार्टी वाचली. वरचे चौघे जिवंत निघाले. सलीम गेला होता.

चौकशीत विचारलं, ऑर्डरशिवाय डबा का खोलला. मी म्हणालो, वेळ आली तर पुन्हा खोलीन. आजही तेच म्हणतो. पण अॅम्प्लिफायर फक्त येणाऱ्या आवाजासाठी होता. माझं रॉजर, म्हणजे 'ऐकलं', सलीमपर्यंत पोहोचलं का, हे मला कळलं नव्हतं. चौघांना हेलिकॉप्टरने दवाखान्यात नेलं, आणि माझी बदली झाली.

रिटायर झाल्यावर मांजरसुंब्याच्या धाब्यावर त्या चौघांतला एक भेटला. त्याने दोन चहा मागवले. मग म्हणाला, "फोन कानाला धरूनच सलीम हसला. आम्हाला म्हणाला, 'पार्टी थांबली. कालेजवाल्यानं चारी लावले वाटतं.'"