कुशाबाची पट्टी

अवसरी बुद्रुकच्या भजनात कुशाबा एवढ्या वरच्या पट्टीत गायचा, की देवळामागची कुत्री आधी भुंकायची आणि मग गप्प बसून ऐकायची. मंडळी हसायची, पण शेजारच्या गावाशी भजनाचा सामना लागला की त्यालाच पुढं करायची. खालच्या पट्टीत गाणाऱ्याला कुशाबा माणसात धरत नसे.

त्याची लेक आरती मात्र मऊ गळ्याची. दोन हजार एक साली बारावी झाली आणि म्हणाली, "दादा, मला गाण्यातच बीए करायचंय." आळीतल्या बायांनी तोंडाला पदर लावले, कुशाबाची छाती फुगली. बापलेकीनं पुण्यात दोन कॉलेजं पाहिली. एकात मार्कांवर प्रवेश, मुलींचं वसतिगृह आवारातच. आरतीला तेच आवडलं. दुसऱ्यात आधी गाऊन दाखवायचं.

"गळा न ऐकता घेत्यात? त्ये काय कालेज झालं?" एस्टीत बसल्या बसल्या कुशाबा म्हणाला. "आपुन दुसरीकडंच. ऐकू दे की पुण्याला!"

"दोन्हीकडं अर्ज टाकू ना, दादा."

"का? बापानं घडवलेल्या गळ्यावर भरवसा न्हाई व्हय?"

आरतीनं एकच अर्ज भरला, दुसऱ्या कॉलेजाचा.

तिथल्या गाण्याच्या परीक्षेआधी गावात सप्ताह लागला. आवाज तापता राहावा म्हणून कुशाबानं तिला रोज संध्याकाळी माइकपुढं बसवलं, आपल्या शेजारी, आपल्याच पट्टीत. पेटीवाला बहिरू म्हणाला, "भाऊ, पोरीसाठी पट्टी जरा उतरवू का?"

"उतरवायला ती काय आजारी हाये? वाजीव तू!"

काल्याच्या दिवशी तिचा गळा बसला. तिची आई साळुबाई, तिनं हळद झाली, ज्येष्ठमध झालं, सगळं केलं. परीक्षेत आरतीनं सूर लावला आणि तो वर जाताना फाटला. परीक्षा घेणाऱ्या बाई भल्या. स्वतः उठून पाणी दिलं. म्हणाल्या, "गळा सुजलाय, बाळ. काही महिने गाऊ नकोस. पुढच्या वर्षी ये."

तिथून दोघं पहिल्या कॉलेजात पळाले. तिथल्या जागा भरल्या होत्या.

पुढचं वर्ष म्हणजे आमच्याकडं पोरीला स्थळ. डिंगोऱ्याचा सुनील बरा निघाला, दिवाळीनंतर लग्न उरकलं. आरतीनं गाण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या सप्ताहाला ती माहेरी आली. भजनाला बसताना कुशाबा पेटीकडं वाकला.

"बहिरू, पट्टी उतरव."

"किती, भाऊ?"

"तिला झेपंल एवढी."

"कुशाबा म्हातारा झाला राव!" मागून कुणीतरी ओरडलं. एरवी त्यानं चार शब्द सुनावले असते. आज त्यानं खाली बघत अभंग उचलला, पहिली ओळ म्हटली आणि दुसरीवर थांबून बायकांच्या बाजूला पाहिलं.

आरती टाळ धरून बसली होती. ओठ मिटलेले.

पेटी वाजत राहिली. बहिरूनं तीच जागा पुन्हा पुन्हा घेतली. शेवटी दुसरी ओळही कुशाबानंच म्हटली, खालच्या पट्टीत. त्या पट्टीत त्याला कधीच गाता आलं नव्हतं, आणि त्या दिवशीही आलं नाही.