दोन वाटांचा गोरख

रेशनकार्डावर नाव गोरक्षनाथ ढोकणे, पण निंबेवाडीत त्याला सगळे गोरखच म्हणतात. राहुरीपासून पंधरा किलोमीटरवर, मुळेच्या कालव्याला खेटून हे गाव. आमच्या पट्ट्यात माणूस ओळखला जातो तो त्याच्या उसावरून. गोरख ओळखला जातो वायरीवरून.

बारावीला गणितात नापास झाला आणि केबल टीव्हीवाल्याच्या शिडीवर चढला. पुढे इंटरनेटची काचेची तार आली, केसाएवढी बारीक, आणि ती जोडायला शिकवणारं गावात कुणी नव्हतं. फोनवर बघून बघून तो शिकला. पहिली जोडणी अकरा वेळा तुटली. बाराव्यांदा दिवा हिरवा झाला तेव्हा हा गडी यंत्रापुढे मांडी घालून तसाच बसून राहिला.

आता तीन गावांत त्याची दोनशे घरं आहेत. कुठं घूस वायर कुरतडते, कुठं उसाची उंच ट्रॉली खांबावरची तार गळ्यात घालून कारखान्याला नेते, कुठं राउटर देव्हाऱ्याखाली ठेवलेला असतो आणि धुपाच्या राखेनं त्याचा दम कोंडतो. फोन आला की गोरखचा पहिला सवाल ठरलेला : दिवा लाल की हिरवा? त्याची चुलती छबूबाई, वय सत्तर, हमखास म्हणायची, "दिवा हाय रं, पर चष्मा कुठं हाय त्ये आधी सांग."

गोरखला खरा अभिमान होता तो दुसऱ्या लाइनीचा. पहिली लाइन राहुरीकडून यायची, त्याच्याच शेताच्या कडेनं, कालव्याच्या पुलाला बांधलेल्या काळ्या पाइपातून. दुसरीसाठी त्यानं दुसऱ्या कंपनीच्या नगरच्या कचेरीत दोन वर्षं खेटे घातले. ती नेवाशाकडून आली, गावाच्या पार उलट्या अंगानं. तिचा कागद त्यानं प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीला लावला आणि त्याखाली निळ्या रंगानं लिहिलं : एक गेली तरी दुसरी आहे.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर प्रज्ञा साळवे यांनी ती ओळ वाचूनच हृदयाचा आलेख काढायचं यंत्र मागवून घेतलं. आलेख नगरच्या तज्ज्ञाकडे जायचा, दहा मिनिटांत उत्तर यायचं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन केंद्रातच ठेवलेलं होतं, पण तज्ज्ञ हो म्हणाल्याशिवाय ते टोचायचं नाही, असा नियम.

"गोरखभाऊ, भरवसा ठेवू ना?" त्यांनी विचारलं होतं.

"मॅडम, दोन वाटा हायेत. दोन्ही एकदम बंद व्हायला आभाळच पडावं लागंल."

आभाळ काही पडलं नाही. फेब्रुवारीतली साधी सकाळ होती. ऊस तुटून गेला होता, शेतात गुडघाभर पाचट, उसाचा वाळका पाला, पसरलं होतं आणि दुसऱ्या दिवशी कालव्याला पाणी सुटायच्या आत ते जाळायचं होतं. धाकटा भाऊ छगन काडेपेटी घेऊन दारात आला.

"दादा, वारं पुलाकडं हाय. तुझी वायर हाय ना तिथं? उद्या पेटवू का?"

गोरख बशीतून चहा पीत होता. त्यानं भिंतीवरच्या निळ्या ओळीकडे बघितलंसुद्धा नाही, इतकी ती अंगात भिनली होती.

"आजच पेटव बिनघोर. एक गेली तरी दुसरी हाय. जळलीच तर तासाभरात जोडतो."

छगन गेला. अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिल्या लाइनीचा दिवा लाल झाला. गोरख हसला, "घातली वाटतं आग छगननं," असं पुटपुटत त्यानं जोडयंत्राची पेटी उचलली. तेवढ्यात दुसरा दिवा लाल झाला.

तो बघतच राहिला. दिव्यावर टिचकी मारली. वायर काढली, घातली. नेवाशाच्या कंपनीला फोन लावायला गेला तर मोबाईलला रेंज नव्हती. खिडकीतून टॉवर दिसत होता, रोजच्यासारखाच उभा. पण मुका.

बाहेर स्कूटी करकचून थांबली. केंद्रातली नर्स जया धापा टाकत होती. "गोरखभाऊ, तुमच्या छबूकाकींच्या छातीत कळ आलीय. आलेख जाईना. ॲम्ब्युलन्सला फोन पण लागंना. मॅडम विचारतात, लाइन कधी येते?"

गोरख पेटी तिथंच टाकून पिकअप घेऊन तिच्या मागोमाग निघाला.

केंद्रात छबूबाई खाटेवर होती. कपाळ घामानं निथळत होतं, हात छातीवर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "लाइनीची वाट बघायची नाही. तुमची पिकअप काढा. इंजेक्शन घेऊन मी मागं बसते. जिथं रेंज येईल तिथं थांबवा."

मागं गादी टाकली. गाडी राहुरीच्या रस्त्याला लागली. हा रस्ता कालव्याच्या पुलावरूनच जातो.

पुलाशी धूर होता. छगन ओल्या पोत्यानं कडेची आग मारत होता. गोरखनं गाडी हळू केली आणि बघितलं. काळा पाइप मेणासारखा वितळून खाली लोंबत होता. आतून वायरी बाहेर आल्या होत्या. एक नव्हे. तीन. एक त्याची, काळी. एक टॉवरची. आणि एक निळ्या पट्ट्याची, जी नेवाशाकडून येत असल्याचा कागद त्याच्या भिंतीला होता.

आणि त्याच क्षणी त्याला आठवलं. दिवाळीच्या सुमारास चार माणसं या पुलावर काम करत होती. उन्हात बसलेली म्हणून त्यानं स्वतःच्या घरून त्यांना चहा पाठवला होता. त्यांच्या हातात निळ्या पट्ट्याचं भेंडोळं होतं. कंपनीनं गुपचूप वाट बदलली होती, आणि त्यानं विचारलं होतं ते एवढंच, की साखर कमी झाली का.

"दादा, थांबू नगंस!" छगन ओरडला. त्याला गादीवरची काकी दिसली होती.

सात किलोमीटर पुढे, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी, फोनला रेंज आली. डॉक्टरांनी आलेखाचा फोटो पाठवला. चरकावरचा माणूस बैल थांबवून उभा राहिला. गोरख गाडीच्या फाळक्याला धरून होता.

"मॅडम," तो म्हणाला, "पाचट पेटवायला मीच सांगितलं. दुसरी लाइन हाय म्हणून."

डॉक्टरांनी मान वर केली. "आणि दुसरी?"

"त्याच पाइपात हुती. मला ठावं न्हवतं."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. रागानं नव्हे, पायाखालची फळी निघाल्यावर माणूस बघतो तसं. मग फोन वाजला, पलीकडून हो आलं, आणि गुऱ्हाळाच्या सावलीत इंजेक्शन दिलं गेलं. त्या दिवशी पन्नास मिनिटं उशीर झाला होता.

छबूबाई वाचली. पण हृदयाचा एक कोपरा कायमचा दुबळा झाला. आता चार पायऱ्या चढली तरी बसावं लागतं. नगरहून घरी आली तेव्हा सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे माझा जीव त्या पाइपात हुता व्हय? आन् मला वाटलं छातीत हाय." सगळे हसले. गोरखला हसता आलं नाही.

त्यानं भिंतीवरची ओळ चुन्यानं पुसली. कंपनीशी भांडून दुसरी लाइन पुन्हा नेवाशाकडून घेतली, आणि या वेळी कागदावर विसंबला नाही. खांबामागून खांब धरत एकतीस किलोमीटर पायी चालला, तीन दिवस. पुलावर कोण दिसलं की आता चहा नंतर, आधी वायर कुणाची ते विचारतो.

आणि दर सोमवारी दहा वाजता तो आरोग्य केंद्रात जातो, तिथंही आता दोन्ही लाइनी आणल्या आहेत. डॉक्टर शेजारी उभ्या राहतात. गोरख पहिल्या लाइनीची वायर स्वतःच्या हातानं उपटतो. दिवा लाल होतो. दुसरीला जागं व्हायला चार-पाच सेकंद लागतात.

तेवढ्या वेळात त्याला पाचटाच्या धुराचा वास येतो. मग हिरवं होतं. तरी उपटलेली वायर तो लगेच परत घालत नाही, दिवा हिरवाच राहतो का ते बघत ती तशीच धरून उभा राहतो.